पापनाशमच्या वाटेवरचं खळं

तंजावूरला जाऊन देऊळ पाहिलं नाही म्हणून घरचे अजून मला हसतात. हसोत! मी खळी पाहायला गेलो होतो. नवं आर्थिक धोरण आलं, अनुदान खरंच शेतात पोचतं का ते तपासा असा हुकूम निघाला आणि पुण्याहून माझी पाठवणी झाली.

स्टेशनवर व्यंकोबाराव आले होते. शेतीखात्यातून निवृत्त, घरी मराठी बोलणारे, म्हणून माझे दुभाषे. पापनाशमच्या वाटेवर बघतो तर अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं.

"सरकारनं सिमेंटची कळम (खळी) बांधायला पैसे दिले ना? मग हे काय?" मी करवादलो.

"डांबर तापतें, मोटारी फुकट मळून देतात," ते शांतपणे म्हणाले.

आम्ही चेल्लम्माबाईंच्या खळ्याकडे निघालो होतो. आधीच्या तपासनिसाला त्यावर दाणा दिसला नाही, म्हणून त्यांचा शेवटचा हप्ता अडला होता. आज खळ्यावर भात मी डोळ्यांनी पाहिलं की तो सुटणार. पण वाटेत व्यंकोबारावांचं घर लागलं.

"अहो, आभाळ भरून आलंय!"

"पान वाढलें आहे. जेवल्याविना सोडूं कसें?"

डांगर पच्चडी (उडदाचं पीठ कालवलेलं दही) झकास होती. तरी माझा जीव खाली-वर होत होता. त्यात आग्रह संपेना.

कालव्याकाठच्या त्या खळ्यापाशी पोचलो आणि सर आली. खळ्यावर बाईंचं सगळं पीक पसरलेलं, आणि त्या गुंडाळलेली ताडपत्री कवटाळून कडेला भिजत उभ्या!

"झाका! अहो, झाका ना!" मी मराठीतच ओरडलो.

चेल्लम्माबाई पुढे आल्या. "पात्तुट्टींगळा? मूडलामा?" (पाहिलंत का? झाकू का?)

मी पाहीपर्यंत भाताला हात लावायचा नाही, अशी त्यांना ऑफिसातून ताकीद होती. मी ताडपत्रीचं टोक ओढलं. खळ्याला उतारच ठेवला नव्हता! कोणा शहाण्याचा नकाशा होता देव जाणे. पाणी तुंबलं, भात तरंगायला लागलं. व्यंकोबाराव धोतर खोचून टोपलीनं उपसू लागले, पण फार उशीर झाला होता.

हप्ता मंजूर झाला. परतीच्या गाडीत सगळ्यांवर चिडून झालं: नकाशावर, ऑफिसावर, त्या आग्रहावर. शेवटी एवढंच उरलं, की मी गेलोच नसतो तर त्या बाईंनी आभाळ पाहून वेळीच भात झाकलं असतं.