गव्हातली घोडी

वूस्टरच्या लढाईत पार्लमेंटच्या फौजेनं राजाच्या फौजेचा पार धुव्वा उडवला, आणि आमच्या मुलखात माणूस मारणं उंदीर मारण्याइतकं सोपं झालं. पळणारे राजाचे शिपाई ओढ्याकाठी, गोठ्यात, जिथं सापडतील तिथं गाववाले त्यांना ठेचत होते. काल पुलावर एकाला मारायला त्यांनी अख्खी दुपार घेतली. सिबिल प्रीसनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

सिबिल विधवा, कापणीवरची मजूर. आज पहाटे तिचा भाऊ अँब्रोज, राजाचा शिपाई, फुटलेली मांडी ओढत तिच्या दारी आला. तिचं माहेर लांब, त्यामुळे इथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. घरोघर झडत्या चालल्या होत्या, म्हणून तिनं त्याला उभ्या गव्हात लपवलं. मुकादम आज पलीकडचं शेत धरणार होता. त्या मेल्यानं ऐनवेळी हेच धरलं.

कापणाऱ्यांचं कडं आत आत सरकत गेलं. सिबिलनं हात आखडता घेतला, मुद्दाम बोटसुद्धा कापून घेतलं. पण कशाचा उपयोग झाला नाही. शेवटी मधोमध खाटेएवढा गहू उरला. या शेवटच्या झुबक्याला घोडी म्हणायचं आणि लांबून विळे फेकून ती पाडायची, ही आमची रीत. मुकादम वॉटकिननं ताटं बाजूला सारली आणि तो खदाखदा हसला.

"अरे, यंदाची घोडी जिवंत आहे रे!"

"मुकादम, फौजेच्या ताब्यात द्या त्याला," सिबिल म्हणाली.

"का? तुझा कोण लागतो? ह्यांनी माझ्या पोराला विहिरीत उलटा टांगला. आधी गुडघे फोडू, मग हात. सावकाश!"

भाऊ म्हटलं असतं तर दोघंही मेली असती, आणि तीही सावकाशच. सिबिल विळा घेऊन पुढे झाली.

"मग पहिला विळा माझा."

"घे बाई! पण पायावर हाण हं."

अँब्रोजला ओढून गुडघ्यांवर बसवलं होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तो समजला. त्यानं हनुवटी वर केली. विळा गरगरत गेला आणि गळ्यात रुतला. तो फार तडफडला नाही. देवानं तेवढी तरी दया दाखवली.

"सगळी मजा घालवलीस की!" वॉटकिन खेकसला. मग त्यालाही राहवलं नाही. "पण नेम काय गं तुझा! शिकवला कुणी?"

सिबिल रक्तात बसली, अँब्रोजचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि त्याचे डोळे मिटले.

"ह्यानंच," ती म्हणाली. "माझा थोरला भाऊ."