पैलवानांसकट छत्तीस घोडे

एका चांगल्या धडधाकट मोटारीला मी एकदा चार माणसांदेखत मरायला टेकलेली ठरवलं होतं. तेव्हा मी बावीस वर्षांची, नुकतीच बीएस्सी झालेली आणि नुकतीच सून झालेली, म्हणजे शहाणपणाचा दुहेरी ताप. पण ती चूक सांगायची तर आधी माझे मामेसासरे सांगायला हवेत. चाकांवरून मोटारीची ताकद मोजणारा असा माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नाही, आणि त्यांची पद्धत बघता बाकी जगात झाला असेल अशी शंकाही नको.

मामा फौंड्रीत लाकडी साचे करीत. रविवारी मात्र घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं खरं राज्य. मोडीत निघालेल्या उसाच्या चरकाचे दोन लोखंडी रूळ त्यांनी जमिनीत आडवे बसवले होते. त्यांवर मोटारीची मागची चाकं चढवायची, मोटार दोरखंडानं खांबाला बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. रुळाला पट्ट्याचा ब्रेक, पट्ट्याला गुळाच्या अडतीतला ताणकाटा. काटा किती किलो ओढतोय आणि रूळ मिनिटाला किती फिरतोय, यावरून मामा घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, काढत. टायर घसरू नयेत म्हणून मागच्या सीटवर मंगळवार पेठेतल्या तालमीतले दोन पैलवान बसवत. दोघं वरातीत बसल्यासारखे गंभीर. त्यातल्या धाकट्याला एकदा गाडी लागली. जागची न हललेली गाडी लागलेला माणूस मी तेवढाच पाहिला.

आकडा आला तरी मामा तो लगेच सांगत नसत. टायर चाचपत, शेडमधली हवा हुंगत, दुपारचे घोडे उन्हानं दमलेले असतात म्हणून थोडी सूट देत. कंपनीच्या पुस्तकातला आकडा इंजिनाचा. चाकापर्यंत येईतो गियरबॉक्स, दांडा, टायर, ज्याचा त्याचा घास काढून घेतात. मला हे समजावताना म्हणाले, "पुस्तकातला आकडा लग्नाआधीचा असतोय पोरी. चाकावरचा संसारातला." ही नजर त्यांना घरातही सोडत नसे. मामी घागर घेऊन जिना चढल्या की हे म्हणत, "खाली पाव घोडा हुता, जिन्यात जरा गळाला." मामी घागर दाणकन ठेवत. मामा तो दणकाही जमेस धरत.

मामांचे जुने मित्र ड्रायव्हरचाचा. वीस वर्षं त्यांनी एका वकिलांची काळी गाडी चालवली, आणि गाव सोडताना वकील ती त्यांनाच देऊन गेले. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांची एकच इच्छा होती, गाडी रस्त्यावर राहावी, भंगारात जाऊ नये. गारगोटीचं एक गिऱ्हाईक आलं, मोजमाप बघूनच घेतो म्हणालं. नेमके मामा त्या सकाळी कोडोलीला बारशाला गेलेले. गारगोटीच्या पाहुण्याला एसटीची घाई.

"मी मोजते की," मी म्हटलं.

पैलवान आत बसायला निघाले तर मी त्यांना बाहेर काढलं. विज्ञानात पैलवान नसतात, असं माझं मत होतं. गाडी सुरू झाली, टायर घसरले, रबराचा वास सुटला, तो मला इंजिन जळल्याचा वाटला. हिशेब केला तर बावीस. पुस्तकात पन्नास. मी पदर खोचून जाहीर केलं, "निम्म्याहून जास्त घोडे मेलेत."

"मग भंगारातच घाला की चाचा," पाहुणा पिशवी उचलत म्हणाला, आणि चालू लागला. चाचा खांद्यावरचा रुमाल काढून बॉनेट पुसत राहिले.

घटकाभरानं मामा आले. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पैलवान कुठं हुते?"

"बाहेर शेंगा खात होते."

मामा आल्या पावली सायकलवर बसले आणि स्टँडवरून पाहुण्याला घेऊनच परतले. पैलवान आत बसले, गाडी बांधली. या खेपेला काटा ताठ उभा राहिला. "छत्तीस," मामा म्हणाले. "या वयाला झकास. घरची गाडी असल्यागत चालवा."

"पण मघाशी बाईंनी बावीस सांगितलं," पाहुणा हटेना.

मी जमिनीकडं बघत होते. मामांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मघाशी पैलवान न्हवते. चूक माझी हाय पावणं. भिंतीवर लिवून ठेवाय पायजे हुतं."

गाडी गेली. ती दिसेनाशी झाली तरी चाचा कान देऊन उभे होते. मोतीबिंदूमुळं त्यांना ती दिसेनाशी केव्हा झाली, हे त्यांनाच ठाऊक.

मामा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. रूळ पुन्हा एका गुऱ्हाळाला गेले, ऊस पिळायला. त्या संध्याकाळी मात्र मी बोलणी खायच्या तयारीनं चहा घेऊन शेडमध्ये गेले. मामा अंगानं इतके काटकुळे, की वाऱ्यात छत्री उघडायला भीत. बशीत चहा ओतत ते म्हणाले, "पुढच्या रविवारी तूच मोज. पैलवान न्हाय आले तर मला बसीव मागं. मांडीवर चार विटा दे, म्हंजे झालं."