वाळूतलं कंपाउंड

आमच्या नागपुरात प्लॉट घेतला की घर दहा वर्षांनी बांधलं तरी चालतं, कंपाउंड मात्र आधी. भिंत नसली की कुणीही येतो, टपरी टाकतो आणि वर तुम्हालाच विचारतो, इथे काय काम? ओव्हरसियरच्या नोकरीत मी किती ले-आउटांना भिंती घालून दिल्या, त्याचा हिशोब नाही. त्यामुळे जावयांनी रत्नागिरीकडे समुद्रकाठी पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला जागा घेतली, तेव्हा मी समुद्र न पाहताच सांगून मोकळा झालो.

"जावईबापू, आधी कंपाउंड घाला. नाही तं हातची जागा जाईन."

त्यांच्या मनात नव्हतं. खोल्यांसमोर मोकळी वाळू असावी, असं ते म्हणत होते. पण उंटावरून शेळ्या हाकण्यात मी पटाईत. नकाशा मागवला आणि नागपुरात महाल भागातल्या घरी बसून भिंतीची रेघ समुद्राच्या बाजूला, वाळूत चांगली पुढे ओढली, तेवढीच जागा वाढली. परवानगीचं विचारायचं सुचलंही नाही. लकडगंजच्या लाकूडबाजारातून सागवानी फाटक करवून घेतलं आणि ट्रकने पाठवलं.

भिंतीवरून एक पावसाळा गेल्यावर, फेब्रुवारीत मी पहिल्यांदा तिथे गेलो. सकाळी मुलगी भिंत दाखवायला घेऊन गेली. खरं सांगतो, आधी मला अभिमानच वाटला. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, कुठे तसूभर वाकडी नाही. मग मुलीने खाली बोट दाखवलं. पाण्यातून ट्रॅक्टरच्या चाकासारखे ठसे वर आले होते. ते भिंतीला भिडले होते, भिंतीच्या कडेकडेने बरेच लांब गेले होते, मागे फिरून पुन्हा भिंतीशी आले होते. शेवटी ओल्या वाळूत, भरतीचं पाणी पोचतं तिथेच, एक खळगा होता.

गावातले एक गृहस्थ कासवांची अंडी राखायचं काम करतात. ते आधीच तिथे गुडघे टेकून बसले होते. त्यांनी समजावून सांगितलं की मादी जिथे जन्मते त्याच भागातल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते आणि वरची कोरडी वाळू शोधते. कोरडी वाळू आता आमच्या कंपाउंडात होती. भरतीने खळगा उघडा पाडला होता, बरीच अंडी लाटांनी नेली होती. उरलेली त्यांनी एकेक करून बादलीत ठेवली. भिंत कुणाच्या सल्ल्याने घातली, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली.

दुपारी जेवताना मी म्हटलं, भिंत पाडा. मुलगी बोलली.

"बाबा, तुमीच तं म्हणत होते, हातची जागा जाईन. कोणाची गेली, पाहून राहिले ना?"

पाहुण्यांचा हंगाम संपेपर्यंत थांबू, असं जावई म्हणाले. तोवर पाऊस आला. दिवाळीनंतर मी स्वतः उभा राहून भिंत पायासकट काढून घेतली आणि सुटलो असं समजलो. पण दोन पावसाळे लाटा त्या भिंतीवर आपटल्या होत्या आणि परत जाताना पुढची वाळू ओढून नेत होत्या. खाली नुसते दगडगोटे उघडे पडले होते. त्या गृहस्थांना मी विचारलं, वाळू परत येईल का? येईलही, ते म्हणाले, पण समुद्राच्या सवडीने.

यंदा कासवांच्या हंगामभर मुलगी रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन यायची आणि मला फोन करायची. मी इथे चहा थंड करत बसायचो. रोज एकच उत्तर, काही नाही. मार्चमध्ये एकदा तिचा आवाज वेगळा लागला.

"आली होती बाबा. गोट्यांपर्यंत आली. पुढं चढता नाही आलं तिले. तशीच चालली गेली."

माझ्या इतक्या भिंतींनी आयुष्यात किती चोर अडवले, मला माहीत नाही. जिची जागा होती, तिला मात्र अडवलं.