उलटं जॅकेट

जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी धावपटू. अमेरिकेतल्या कॉलेजातून पदवी घेऊन ती उन्हाळ्यात घरी आली, तेव्हा मी पेढे दिले आणि वर आमच्या कंपनीतल्या नोकरीचा अर्जही. पदवी झाली की अर्ज, एवढंच मला कळतं.

"अहो, तिला अजून पळायचंय!" बायको म्हणाली.

खरंच होतं. पदवी तीन वर्षांत झाली, पण कॉलेजकडून पळायची मुभा चार वर्षांची. तिथल्या कोचने मात्र तिची जागा नव्या मुलीला देऊन टाकली होती. उरलेलं वर्ष आता दुसऱ्या कॉलेजकडून, जुन्या मैत्रिणींच्या विरुद्ध पळायचं.

रोज सकाळी ती दाराशी बुटांच्या नाड्या दोनदा सोडून दोनदा बांधायची. एकदा मी शहाणपणा केला, "अगं, जॅकेट उलटं घातलंयस."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, ती म्हणाली. "कॉलेजचं नाव आत ठेवलंय. त्यांची मी आता नाही, आणि नवं जॅकेट अजून मिळालेलं नाही."

ऑगस्टमध्ये निघाली तेव्हा अंगात नवं जॅकेट होतं, नव्या कॉलेजचं नाव बाहेर. "आता सुलट आहे ना?" तिनं विचारलं.

ती हसली नाही. मी मात्र आधीच हसून बसलो होतो.