सेल्वमचा कोड काढण्यापूर्वी

ईमेलला उत्तर येईना, म्हणून शेवटी मी चेन्नईचं तिकीट काढलं.

पुण्यातली आमची कंपनी पवनचक्कीची पाती बनवते. काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड रेझिनमध्ये भिजवून घट्ट करायचं. ते कुठे तडकेल हे आधी संगणकावर पाहायचं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर पद्मिनीबाई आणि सेल्वम या चेन्नईतल्या दोन प्राध्यापकांनी लिहिलं. फुकट आणि खुलं. कुणीही कोड वाचावा, सुधारावा. गेल्या वर्षी सेल्वम अचानक वारले आणि काम थांबलं. वीण फार घट्ट असली की संगणकावर धागे एकमेकांच्या आरपार जात, ही चूक मला सापडली होती. दुरुस्ती पाठवलीही होती. ती तशीच पडून होती.

रेल्वेने जवळपास दिवस जातो. जमलं तर एसीचं तिकीट काढा, रायचूरनंतर उकाडा सोसवत नाही. चेन्नई सेंट्रलसमोरच्या पार्क स्टेशनवरून तांबरमची लोकल मिळते. दुपारी बसायला जागा असते.

तांबरमच्या घराचं दार पद्मिनीबाईंनी उघडलं. "या, बसा. दमून आलांत."

मराठी ऐकून मी चकित झाले. आमचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत होता.

"तंजावरचे आम्ही," त्या म्हणाल्या. "घरांत हीच भाषा."

त्यांनी भात वाढला, सोबत डांगर पच्चडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ. माझं जेवण होऊ दिलं. मग म्हणाल्या, "तुमची दुरुस्ती बरोबर आहे. पण ती घेतली तर सेल्वमनं लिहिलेलं अर्धं काढावं लागतं. माझा हात धजत नाही."

मी ताट धुवून ठेवलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या त्याच्या घरी जाऊन विचारून येऊं."

सेल्वमचं घर चेन्नईजवळच्या कोवलमला. तांबरमहून केळंबाक्कम आणि तिथून कोवलम, अशा दोन बस. लवकर निघालात तर किनाऱ्यावर नावा लागताना दिसतात आणि मासळीचा लिलाव बघायला मिळतो. आम्ही मात्र तिथे थांबलो नाही.

सेल्वमच्या पत्नीने, वल्लीने, कॉफी दिली. बोलणं तमिळमध्ये चाललं होतं. पद्मिनीबाई मला मराठीत सांगत होत्या.

"त्यांनी लिहिलेलं चुकलं का?" वल्लीने विचारलं.

"तेवढ्या एका विणीपुरतं चुकलं," पद्मिनीबाई म्हणाल्या.

वल्लीने रिकामे कप उचलले. "लोक अजून वापरतात?"

मी आमच्या पात्यांबद्दल सांगितलं.

"मग दुरुस्त करा. ते असते तर त्यांनी या बाईंना इतके दिवस थांबवलं नसतं."

घरी आल्यावर पद्मिनीबाईंनी काढायचा तो सेल्वमचा कोड मला ओळीओळीने वाचून दाखवला, कुठे त्याने काय विचार केला असेल ते सांगत. मग तो काढून माझी दुरुस्ती बसवली. चाचण्या दोनदा फसल्या, तिसऱ्यांदा जमल्या. नवी आवृत्ती टाकताना लेखकांमध्ये पहिलं नाव सेल्वमचंच राहिलं, शेवटी माझं आलं. त्या उठून आत गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

पुण्यात परतून आता शनिवारी मी या सॉफ्टवेअरचं काम बघते. चेन्नईहून आणलेला मैसूर पाक संपला, कोवलमची वाटही नीटशी आठवत नाही. पण काही लिहिलं की शेजारी ते का लिहिलं हेही लिहून ठेवते. उद्या कुणाला ते काढायचं झालं, तर माझ्या घरी विचारायला जावं लागू नये.