पाझरणाऱ्या गोळ्या

चिंधू कुंभाराला पासष्टीत स्वप्नं पडायला लागली, आणि तीही मातीच्या आत शिरल्याची. खापर फोडायचं तर वर्षालीच्या डोक्यावर. हिंगणघाटच्या बाहेर टाकाऊ प्लास्टिकपासून तेल काढणारा एक लहानसा कारखाना निघालाय, तिथली ती इंजिनिअर. तिला बोराएवढ्या मातीच्या गोळ्या हव्या होत्या.

"बाबा, प्लास्टिक तापलं का त्याची वाफ होते. ती गोळीतल्या बारीक भोकायतून गेली का तिचे तुकडे पडते, अन् थंड झाल्यावर तेल होते. एका गोळीत लाखो खोल्या पाह्यजे."

लाखो खोल्या! मग काय, जेवता जेवता चिंधूचा घास हातातच राहायचा. डोळा लागला की तो त्या खोल्यांतून हिंडायचा. एकीलाही कडी नाही, सगळीकडून गार हवा, आणि पायाखाली त्याच्याच अंगणातली माती.

पहिली खेप त्यानं जीव ओतून केली. मातीत जिनिंग गिरणीतला कापसाचा भुगा कालवला; भट्टीत तो जळाला की तेवढी जागा पोकळ राहते. मग बापाच्या हातचा गुळगुळीत गोटा घेऊन एकेक ओली गोळी चकचकीत घोटली. न घोटलेली वस्तू दाराबाहेर काढायची म्हणजे त्याला लाज वाटे.

वर्षाली गोळ्या परत घेऊन आली. "बाबा, घोटून घोटून तुम्ही दारंच बुजवले. वाफ आत शिरूनच नाई राह्यली. आता एकच खेप. नाईतर साहेब बाहेरून मागवतीन."

माठ कोणी घेईना म्हणून या गोळ्यांआधी चिंधूची भट्टी दोन वर्षं गार होती. ही खेप फसली तर ती मोडून तिथे टिनाचं शेड घालायचं, हे घरात ठरलेलं होतं. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

"नका घोटू म्हणते ना ते पोरगी, मंग नका घोटू," कौशल्याबाई, त्याची बायको, म्हणाली.

"हात आयकत नाई वं. हा गोटा तूच ठेव."

तिनं तो पदराच्या गाठीत बांधला. चिंधू खडबडीत गोळ्या वळत राहिला. रिकामी बोटं हवेतच घोटत होती.

आठवड्यानं कारखान्यात, तेल जिथून यायचं त्या नळीपाशी तो बसला. तापत्या भांड्यात फुटक्या बादल्या, पाण्याच्या कॅन कोंबल्या होत्या आणि वाफेच्या वाटेवर त्याच्या नव्या गोळ्या भरल्या होत्या. याच बादल्या-कॅननी त्याचे माठ घराघरांतून उठवले होते. बऱ्याच वेळानं नळीच्या तोंडाशी पिवळसर थेंब आला. मग दुसरा. मग धार लागली.

"मस्त पाझरते बाबा तुमची माती!" वर्षाली ओरडली.

"पाझरते म्हणूनच तं लोकायनं माठ सोडला, बाई. घर वलं होते म्हणे," चिंधू म्हणाला आणि पोट धरून हसला.

घरी आल्यावर त्यानं पुढच्या खेपेसाठी भट्टीची राख उपसायला घेतली. कौशल्याबाईनं पदराची गाठ सोडून गोटा पुढे केला.

त्यानं तो कपाळाला लावला आणि पुन्हा तिच्या हातावर ठेवला.

"राहू दे तुह्यापाशीच."