उघड्या डोक्याला प्रवेश नाही

विषाणूंवर पीएचडी माझी, पण आमच्या प्रयोगशाळेत दरारा अटेंडंटचा. ते हर्सूलहून सायकलवर यायचे, दाराशी स्टूल टाकून बसायचे आणि डोक्यावर टोपी असल्याशिवाय कुणालाही आत सोडायचे नाहीत. प्रयोगासाठी वाढवलेल्या पेशी केस पडून नासू नयेत, एवढाच नियम. त्यांनी त्याचा धर्म केला होता.

एकदा मी विद्यार्थ्यांना शिकवत होते: पेशीचा स्वतःचा आरएनए टोकाला रासायनिक टोपी घालून हिंडतो. बऱ्याच विषाणूंच्या आरएनएला ती नसते. पेशीतली पहारेकरी प्रथिनं ते उघडं टोक ओळखतात, मग पेशी शेजारच्या पेशींना इशारा धाडते.

"म्हंजी माझंच काम की, मॅडम," ते दारातून म्हणाले. "फक्त त्यायला पेन्शन नाय."

तेव्हापासून ते चढलेच. तपासणीला आलेल्या एका बड्या साहेबांना त्यांनी दारातच अडवलं, वर "बोडकं आलंय, दारं लावा!" अशी बोंब ठोकली. शेजारच्या पाचही खोल्यांनी खरंच दारं लावली. बोलणी मी खाल्ली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी स्टूल रिकामं दिसलं. ते बाहेर कडुनिंबाखाली उभे होते, तापानं फणफणलेले, टोपी हातात.

"अहो, आत येऊन बसा," मी म्हणाले.

"नाय मॅडम. आज मीच बोडका हाय." आणि सगळ्या खोल्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "दारं लावा!"

एकेक करून दारं लागली. सगळ्यात शेवटी माझं.